विहीर नासली तर भरपाई कोणाची?

श्रोतेहो, मोकाट सुटलेले ढोर दुसऱ्याच्या ज्वारीत शिरले म्हणजे काय होते, हे तुम्हांला सांगायला नको. ढोराची रवानगी कोंडवाड्यात होते आणि मालक पैसे भरून ते सोडवून आणतो. “दावे तुटले हो, मी काही मुद्दाम सोडले नव्हते,” असे तो म्हणतो. ते खरेही असते. पण तेवढ्यावर त्याची सुटका होत नाही. ढोर तुझे, तेव्हा त्याने खाल्लेल्या पिकाची जबाबदारीही तुझी! आज ज्या कायद्याविषयी बोलायचे आहे, त्याचा गाभा याहून फारसा निराळा नाही. ढोराच्या जागी कारखान्याचे सांडपाणी धरा आणि ज्वारीच्या जागी तुमची विहीर.

ही साधी गोष्ट न्यायालयांत रुजायला मात्र पुष्कळ काळ गेला. इंग्लंडातल्या लँकेशायर परगण्यात एका गिरणीमालकाने पाण्याचा तलाव बांधला. खाली जुन्या खाणींची भुयारे होती, ती कोणाला ठाऊक नव्हती. तलाव फुटला आणि पाणी शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरले. मालकाची स्वतःची हयगय नव्हती. काम त्याने जाणत्या माणसांवर सोपविले होते. तरीही 1868 साली तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने त्याला जबाबदार धरले. घातक होऊ शकेल अशी वस्तू जो आपल्या जमिनीवर आणून साठवतो, त्याने ती सुटली तर नुकसान भरून द्यावे, असा नियम झाला. पण त्यात पळवाटा राहिल्या. दैवी आपत्ती आली, तिऱ्हाइताने खोडी केली, असे म्हणायला जागा होती.

आपल्या देशात हाच नियम चालत आला. मग 1984 च्या डिसेंबरात भोपाळ घडले, आणि वर्षभरातच, 4 डिसेंबर 1985 रोजी, दिल्लीत श्रीराम उद्योगाच्या कारखान्यातून ओलियम वायू सुटला. त्या प्रकरणात न्यायमूर्ती भगवतींच्या पीठाने 1986 च्या डिसेंबरात पळवाटा साफ बुजवून टाकल्या. धोक्याचा धंदा करून नफा घेता ना, मग त्यातून झालेली हानी सर्वस्वी तुमची. काळजी घेतली होती ही सबब चालायची नाही. शिवाय उद्योग जितका मोठा, तितकी भरपाई मोठी.

आता विहिरीकडे येऊ. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचे गाव आहे. 1987-88 च्या सुमारास तिथल्या रासायनिक कारखान्यांत ‘एच आम्ल’ तयार होऊ लागले. रंगांच्या धंद्यात लागणारा हा पदार्थ परदेशी पाठविण्यासाठी होता. साधारण 375 टन माल निघाला आणि त्याच्यामागे सुमारे 2440 टन विषारी गाळ. म्हणजे एक टन मालाला साडेसहा टन घाण! गाळ उघड्यावर टाकला, सांडपाणी वाहू दिले. पावसाचे पाणी त्या गाळातून जमिनीत मुरले. पाहता पाहता सुमारे 60 विहिरींचे पाणी काळसर-तांबडे झाले. माणसांना ते पिता येईना, गुरांना पाजता येईना, पिकालाही देता येईना. जवळजवळ 350 हेक्टर जमीन बाधली.

गावकरी खवळले आणि उत्पादन थांबले. पण कारखाना बंद झाला म्हणजे विहीर चांगली होते, असे थोडेच आहे? गाळ जागच्या जागी होता आणि पाऊस दर वर्षी येतच होता. 1989 साली एका संस्थेने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. पुढे जमीन-पाण्याची शास्त्रीय तपासणी झाली, ती आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने केली. 13 फेब्रुवारी 1996 रोजी निकाल लागला. ज्याने प्रदूषण केले त्यानेच किंमत मोजावी, हे तत्त्व न्यायालयाने लागू केले. आणि किंमत म्हणजे शेतकऱ्याच्या बुडालेल्या पिकाचे पैसे एवढेच नव्हे; नासलेली जमीन आणि जमिनीखालचे पाणी पूर्ववत करण्याचा खर्चसुद्धा. माझ्या मते या निकालातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. पिकाची भरपाई वर्षात खर्चून जाते. विहीर पिढ्यान्‌पिढ्या लागते.

पण खरे ते सांगितले पाहिजे. निकालानंतरही अर्जांवर अर्ज पडत राहिले. 2011 साली न्यायालयाने पुन्हा बजावले, 37 कोटी 38 लाख 50 हजार रुपये भरा, आणि त्यावर 1997 पासून दरसाल शेकडा 12 चक्रवाढ व्याज. 1989 पासून मोजा, बावीस वर्षे झाली. तेव्हा जन्मलेले पोर तोवर कर्ते झाले असेल!

एवढा वेळ जाऊ नये म्हणून 2010 च्या कायद्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण स्थापन झाले. आपल्यासाठी त्याचे पीठ पुण्यास आहे. चूक कोणाची हे सिद्ध न करताही तिथे भरपाई मागता येते. अर्जदार दारिद्र्यरेषेखालचा असेल तर फी नाही. मात्र भरपाईच्या अर्जाला मुदत पाच वर्षांची आहे, आणि ती कारण प्रथम घडले तेव्हापासून धरतात. इथेच आपली मंडळी फसतात. “बघू, पुढच्या पावसात पाणी निवळेल,” म्हणत चार पावसाळे जातात.

म्हणून गावातल्या गुरुजींना माझी विनंती आहे. पाण्याचा रंग किंवा वास पालटला की त्या दिवशीची तारीख वहीत टिपून ठेवा. ग्रामपंचायतीचा ठराव करून घ्या, तलाठ्याकडून पंचनामा मागा. बाटलीत पाणी भरून तुम्ही तालुक्याला नेलेत तर साहेबाला जाग येईल. पण फौजदारी खटल्यात ती बाटली उभी राहणे कठीण. 1974 च्या जल कायद्याप्रमाणे नमुना मंडळाच्या माणसाने, कारखानदाराला सूचना देऊन, दोन भाग करून, मोहोर लावून घ्यावा लागतो. तेव्हा प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा आणि नमुना घ्यायला लावा.

आणखी एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. कारखान्याला सांडपाणी सोडण्याची संमती कोणत्या अटींवर दिली, याचे नोंदपुस्तक मंडळाने ठेवायचे असते, आणि त्या सांडपाण्याची झळ ज्याला लागते, त्याला ते पाहण्याचा हक्क आहे. त्यासाठी अर्ज कराल तेव्हा एक प्रत आपल्याजवळ ठेवा, आणि तिच्यावर कचेरीचा आवक-शिक्का मारून घ्यायला विसरू नका.