मानेवरच्या गाठी आणि उजेडाचे औषध

जामसंड्याच्या माणसाला ऊन म्हणजे काय हे शिकवायला नको. हापूसच्या बागेत ते फुकट आणि भरपूर मिळते. पण तेच औषध म्हणून घ्यायचे तर त्याला माप लागते. मानेच्या एका हट्टी दुखण्याच्या निमित्ताने आज हेच सांगायचे आहे.

हे दुखणे बहुधा तरुण पुरुषांना होते, कुरळ्या केसांच्यांना अधिक. मानेच्या मागे, केसांच्या कडेला बारीक पुटकुळ्या उठतात, खाज सुटते. पुढे त्यांच्या टणक गाठी बनतात, गाठींचा जाड पट्टा होतो आणि तिथले केस कायमचे जातात. व्हिएन्नाच्या कापोसी यांनी १८६९ साली याचे वर्णन केले. पुढे त्याला मुरमांचे नाव चिकटले, पण ही मुरमे नव्हेत. केसाच्या मुळाशी दाह होतो आणि तो भरून येताना व्रण गरजेपेक्षा जास्त वाढतो. हे दुखणे लागट नाही, अस्वच्छतेचे लक्षणही नाही. तेव्हा लाजून कॉलरखाली लपवू नका. कॉलरच्या घासण्याने ते उलट चिघळते.

आता उजेडाकडे वळू. कोडावर बावची लावून उन्हात बसायची चाल आपल्याकडे जुनीच. डेन्मार्कच्या फिन्सेन यांनी त्वचेच्या क्षयावर प्रकाशकिरण वापरले आणि १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळवले. मानेच्या या गाठींवर अतिनील किरणांचा प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. रोगी अवघे ११. डोक्याच्या मागची एक बाजू आधी उपचाराला घेतली, दुसरी तुलनेला ठेवली. उपचार केलेल्या बाजूच्या गाठी कमी झाल्या. प्रयोग लहान, पण आशा वाटावी असा.

दुसरा मार्ग लेसरचा. त्याची उष्णता केसाचे मूळच जाळते, म्हणजे दाहाला कारण उरत नाही. आपल्या सावळ्या कातडीला १०६४ नॅनोमीटरचा लेसर त्यातल्या त्यात सोसतो. तो खोल जातो आणि वरची कातडी कमी भाजते.

मग बागेत मान उघडी टाकून बसले तर चालेल का? नाही. यंत्रातले किरण निवडलेले आणि मोजलेले असतात. उन्हात सगळेच किरण येतात, वर घाम आणि खाज.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. जुना, जाड व्रण उजेडाने विरघळत नाही. त्याला इंजेक्शन लागते, नाहीतर शस्त्रक्रिया. म्हणून पुटकुळ्या बारीक आहेत तोवरच त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. आणि न्हाव्याला स्पष्ट सांगा, "मानेवर वस्तरा नको."