भिंत त्यांची, औषध आपले



शाळेत आपण सर्वांनी वनस्पतिपेशी आणि प्राणीपेशी यांच्या आकृत्या शेजारी शेजारी काढल्या आहेत. वनस्पतिपेशीला बाहेरून एक जास्तीची रेघ असे. तिला पेशीभित्तिका असे नाव दिले की गुण मिळत. त्या रेघेपाशी मला आज थांबायचे आहे, कारण या सभागृहातल्या कित्येकांचा जीव कधी ना कधी तिच्यामुळे वाचला असेल.

१६६५ मध्ये रॉबर्ट हूकने बुचाच्या कापात जे कप्पे पाहिले, त्या नुसत्या भिंती होत्या. आतला जीव केव्हाच गेला होता. वनस्पतींची भिंत मुख्यतः सेल्युलोजची, आणि कापसाचा तंतू म्हणजे जवळजवळ निव्वळ तेच. अळंबीच्या भिंतीत कायटिन असते. खेकड्याच्या कवचातही तेच. पाण्यातले डायटम सिलिकाचे कवच घडवतात. आपल्या पेशींना मात्र भिंतच नाही.

आता जिवाणूंकडे वळू. त्यांची भिंत पेप्टिडोग्लायकॅनची असते: शर्करेच्या लांब साखळ्या आणि त्यांना आडवे बांधणारे अमिनो आम्लांचे छोटे दुवे. आतला दाब इतका की काही जिवाणूंमध्ये तो मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या कितीतरी पट भरतो. जिवाणू वाढतो तेव्हा ही भिंत जागोजागी सोडवून पुन्हा बांधावी लागते. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंगला सापडलेले पेनिसिलिन नेमके दुवे बांधणाऱ्या विकराला जखडते. सोडवणे चालूच राहते, बांधणे थांबते आणि जिवाणू फुटतो. आपल्याकडे ती भिंतही नाही आणि ते विकरही नाही; म्हणून, ॲलर्जी असलेल्यांची गोष्ट सोडली, तर हे जालीम औषध आपल्याला सोसते. शत्रूपाशी आहे आणि आपल्यापाशी नाही, अशी जागा हेरण्याइतके सुंदर वैद्यकशास्त्रात मला दुसरे काही वाटत नाही. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, ती याच औषधासाठी.

पण सगळ्या भिंती सारख्या नाहीत. मायकोप्लाझ्मा या जिवाणूला भिंतच नाही, त्यामुळे त्याच्या न्यूमोनियावर पेनिसिलिन चालत नाही. क्षयाच्या जंतूच्या भिंतीत मायकोलिक आम्लांचा मेणचट थर असतो. थुंकीच्या तपासणीत त्याला चढवलेला लाल रंग आम्लानेही उतरत नाही, तो या थरामुळे. आणि पुष्कळशी औषधे आत शिरत नाहीत, तीही याचमुळे. आयसोनियाझिड हा थर तयारच होऊ देत नाही. तरीही हे जंतू अतिशय सावकाश वाढतात, काही नुसते दबून बसतात, म्हणून उपचार महिनोन्‌महिने चालतात. बरे वाटले की गोळ्या सोडणारा रुग्ण उरलेल्या जंतूंना मोकळे सोडतो.

सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात. विषाणूला पेशीच नाही, मग भिंत कुठली? तेव्हा माझी कळकळीची विनंती आहे: सर्दीसाठी दुकानातून मनाने अँटिबायोटिक आणू नका, आणि डॉक्टरांनी दिले असेल तर ते सांगतील तितके दिवस पुरते घ्या.