मुकुटाची कमान आणि वाकलेली टाचणी

पहिल्या महायुद्धात आघाडीवर निघालेले ब्रिटिश शिपाई आईला, बायकोला किंवा प्रेयसीला एक छोटा ब्रोच देऊन जात. त्यावर आपल्या पलटणीचं बोधचिन्ह. याला ‘स्वीटहार्ट ब्रोच’ म्हणतात. ऐपत असली तर चांदी, मीनाकाम, मोत्याचा शिंपला. नसली तर पितळ.

मला हे ब्रोच जमवण्याचा नाद आहे. हाती आला की आधी मुकुट बघायचा. कमानी घुमटासारख्या गोल असल्या तर तो सहसा १९०२ ते १९५२ मधला, म्हणजे राजांच्या काळातला. मध्ये खोलगट असल्या तर एलिझाबेथ राणीच्या. (२०२२ मध्ये चार्ल्स राजांनी गोल मुकुट पुन्हा निवडला, आमची पंचाईत!) ‘रॉयल फ्लाइंग कोअर’ असेल तर काम सोपं. हे दल १९१२ मध्ये निघालं आणि १ एप्रिल १९१८ रोजी नौदलाच्या विमानदलाशी एकत्र होऊन त्याचं रॉयल एअर फोर्स झालं. चांदीवर नांगराचा छाप म्हणजे बर्मिंगहॅम. सोबतचं अक्षर वर्ष सांगतं.

काहींनी गणवेशाच्या बटणालाच डाख देऊन टाचणी जोडलेली असते. अशा वस्तूंना पुष्कळ संग्राहक नाक मुरडतात. मला त्याच जास्त प्रिय. दुकानातला ब्रोच पैसे टाकले की मिळे. बटण कोटावरून काढावं लागतं.

पलटण कळते, काळ कळतो. देणारा परतला की नाही, ते कुठल्याच छापात नसतं. माझ्याकडच्या एका ब्रोचची टाचणी वापरून वापरून वाकली आहे. ती मी सरळ केलेली नाही.