बदललेल्या इंजिनाचे कूळ आणि वय



जुन्या मोटारीच्या बोनेटखाली जे इंजिन दिसते ते तिच्याबरोबरच कारखान्यातून बाहेर पडले असेल, हा आपला समज पुष्कळदा निराधार ठरतो. आणि दुसऱ्या महायुद्धातील जीपगाडीच्या बाबतीत तर तो धरून चालणेच धोक्याचे आहे. १९४१ ते १९४५ या अवधीत टोलेडो येथील विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी एकाच आराखड्यावरून, एकीचा भाग दुसरीच्या गाडीस बसलाच पाहिजे या लष्करी अटीवर, सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. आणि लष्करी कार्यशाळांत, झिजलेले इंजिन दुरुस्त होईपर्यंत गाडी अडवून न ठेवता तयार असलेले दुसरे चढवून तिची रवानगी करण्याचा शिरस्ता असल्यामुळे, फोर्डच्या सांगाड्यावर विलिसचे इंजिन, किंवा विलिसच्या ब्लॉकवर फोर्डचे हेड, अशी सरमिसळ सर्रास होऊ लागली. अशा इंजिनाचे वय ठरवू पाहणाऱ्याने ब्लॉक केव्हा ओतला गेला, इंजिन पुन्हा केव्हा बांधले गेले आणि ते या गाडीत केव्हा चढले, या तीन तारखांचा तपास वेगवेगळा करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कारण एकीचा पुरावा दुसरीस लावल्यामुळेच बहुतेक घोटाळे होतात.

ब्लॉकच्या उजव्या अंगास, पुढच्या बाजूस, ऑइल फिल्टरच्या मागे एक सपाट उंचवटा असतो. विलिसच्या लष्करी इंजिनावर तेथे आकड्यांपूर्वी ‘एमबी’ आणि फोर्डच्या इंजिनावर ‘जीपीडब्ल्यू’ ही अक्षरे ठोकलेली आढळतात. फोर्डने सांगाड्यावर आणि इंजिनावर एकच नंबर घातला. सबब फोर्डच्या गाडीत हे दोन नंबर जुळले नाहीत, तर इंजिन बदलल्याचा निष्कर्ष रास्त ठरतो. विलिसकडे मात्र इंजिनांचा क्रम आणि सांगाड्यांचा क्रम स्वतंत्र चाले, त्यामुळे तेथील तफावतीने काहीच शाबीत होत नाही. आणि तरीही या तफावतीवरून निर्दोष गाडीवर नाहक ठपका ठेवला जावा, याचे मला वाईट वाटते.

नंबर वाचण्यापूर्वी त्यावरील तेलाची पुटे रॉकेलने भिजवून मऊ ब्रशाने काढावीत. पॉलिशपेपर कदापि लावू नये, कारण त्याने पुरावाच घासला जातो. मग बॅटरीचा झोत तिरपा धरावा. कारखान्यातील यंत्राने सपाट केलेल्या पृष्ठभागावर एका दिशेच्या बारीक, नियमित रेषा दिसतात. त्यांच्या जागी कानशीचे आडवेतिडवे ओरखडे असतील, किंवा आकडे वेगवेगळ्या खोलीचे आणि वाकडे उमटले असतील, तर खाडाखोड केलेल्या दस्तऐवजाइतकीच त्या नंबराची किंमत समजावी.

ओतकामात उमटलेली खूण याहून अधिक भरवशाची, कारण ती साच्यातूनच आलेली असते. फोर्डने आपल्या भागांवर, बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा, ‘एफ’ हे अक्षर उमटविले. परंतु बोल्ट इकडचा तिकडे जातो, म्हणून त्यावरील अक्षर फार तर त्या बोल्टाविषयी ग्वाही देते.

इंजिनाची क्षमता मोजूनही निर्णय लागत नाही, हे पुष्कळांस नवल वाटेल. युद्धकालीन इंजिनाचा बोअर सव्वातीन इंचांस अष्टमांश कमी आणि स्ट्रोक साडेचार इंचांस अष्टमांश कमी, क्षमता २१९९ घनसेंटिमीटर. पुढे १९५३ साली सीजे-३बी या जीपेत आलेल्या इंजिनाचीही क्षमता तीच. फरक आहे तो व्हॉल्व्हांच्या रचनेत. पहिल्यात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात. दुसऱ्यात आत घेणारा व्हॉल्व्ह हेडमध्ये गेला, इंजिनाची उंची वाढली आणि तीमुळे बोनेटही उंच करावे लागले. हीच उंच बोनेटची जीप मुंबईच्या महिंद्र कंपनीने परवान्याखाली पुढे दीर्घकाळ बनविली, त्यामुळे आपल्याकडे सापडणारे असे इंजिन अमेरिकेचे की येथले हा प्रश्न केवळ रचना पाहून सुटत नाही. तेथे ओतकामाच्या खुणांकडे आणि नंबराकडे पुन्हा वळावेच लागते. युद्धकालीन इंजिनात कॅमशाफ्ट साखळीने फिरतो, युद्धोत्तर नागरी जीपांतही आरंभी साखळीच होती, आणि नंतर गिअर आले. म्हणून टायमिंगचे झाकण उघडले असता गिअर दिसले, तर ते इंजिन युद्धकालीन रूपात उरलेले नाही एवढे ठामपणे म्हणता येते.

युद्धोत्तर विलिस इंजिनांच्या नंबरामागे कधी ‘ए’ किंवा ‘बी’ हे अक्षर आढळते. ‘ए’ म्हणजे बेअरिंगे दहा थाऊ (इंचाचे हजारांश) लहान मापाची, ‘बी’ म्हणजे पिस्टन दहा थाऊ मोठे. मात्र कारखाना ही मापे नव्या इंजिनातही घालीत असे, म्हणून केवळ या अक्षरावरून इंजिन दुरुस्त केलेले ठरवू नये. त्याहून मोठे पिस्टन निघाले, तर मात्र बोअरिंग झाल्याचा तो सबळ दाखला होय.

गाडी जतन करणाऱ्याने सांगाड्याचा नंबर, ब्लॉकवरील नंबर, ओतकामाची अक्षरे आणि मोजलेला बोअर ही चारही कलमे तपासाच्या तारखेसह एका वहीत लिहावीत, पृष्ठभागाची छायाचित्रे जोडावीत, आणि इंजिन पुन्हा उघडले जाईल तेव्हा जुन्या नोंदीवर शाई न फिरवता खाली नवी नोंद करावी.