खुब्याचे दुखणे : कारणे व उपचार
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मी वैद्य नव्हे, डॉक्टर तर नव्हेच. मॅट्रिक होऊन सारा जन्म मराठी शाळेत मुले शिकविण्यात घालविलेला एक मास्तर आहे. अशा माणसाने रोगचिकित्सेवर बोलावे हे काहींना धारिष्ट्य वाटेल. परंतु या एका दुखण्याने माझे घर दोनदा पोळले आहे, आणि दोन्ही वेळा रोगाइतकेच आमचे अज्ञानही त्यास कारण झाले. म्हणून चिटणीसांनी विषय काढताच मी होकार दिला.

१९८८ च्या पावसाळ्यातली गोष्ट. कऱ्हाडजवळच्या आमच्या गावी माझी आई न्हाणीतल्या शेवाळलेल्या शहाबादी फरशीवर घसरली. वय पासष्ट. उठता येईना, एक पाय आखूड दिसू लागला आणि पाऊल बाहेरच्या अंगास वळून पडले. आज मला ठाऊक आहे की, खुब्यापाशी मांडीचे हाड मोडल्याची ही ठळक खूण होय. त्या वेळी मात्र हाडवैद्याने बांबूच्या कामट्या बांधल्या आणि वडीलधाऱ्यांनी, ‘या वयात कशाला कापाकापी?’ असा निर्णय दिला. मी शिकलेला मुलगा. मीही मान डोलाविली. आई अंथरुणास खिळली, पाठीस जखमा झाल्या, छातीत कफ साठला, आणि दीड महिन्यात ती गेली. ती मोडलेल्या हाडाने गेली नाही, पडून राहिल्याने गेली. अशा रुग्णावर शक्यतो दोन दिवसांच्या आत शस्त्रक्रिया करून त्याला लगेच उभे करावे, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. म्हातारपण हे शस्त्रक्रिया टाळण्याचे कारण नव्हे. उलट म्हाताऱ्या माणसाला निजवून ठेवणे हेच अधिक धोक्याचे.

आता दुसरी हकीकत माझी स्वतःची. पण तीपूर्वी थोडा शाळेतला पाठ उजळला पाहिजे. गुडघा हा बिजागरीचा सांधा आणि खुबा हा उखळीचा सांधा, हे आम्ही मुलांकडून घोकून घेत असू. मांडीच्या हाडाचा वाटोळा माथा कटीच्या हाडातील खळग्यात बसतो व सर्व बाजूंस फिरतो. मात्र खुबा कोठे दुखतो, हे आम्ही कधी शिकविले नाही. माणूस कंबरेवर वा कुल्ल्यावर हात ठेवून ‘खुबा दुखतो’ म्हणतो. वस्तुतः या सांध्याचे दुखणे बहुधा जांघेत जाणवते, आणि मज्जातंतू सामायिक असल्यामुळे कधी कधी नुसत्या गुडघ्यातच जाणवते. उलट, कंबरेतून निघून कुल्ल्यावरून पोटरीपर्यंत मुंग्या आणीत जाणारी कळ बहुधा मणक्यापाशी दबलेल्या शिरेची असते. मांडी घालणे, पायाची नखे काढणे किंवा मोजा चढविणे जड जाऊ लागले, तर खुब्याचा संशय घ्यावा.

मी तो घेतला नाही. निवृत्तीनंतर माझा उजवा गुडघा दुखू लागला. मी गुडघ्याचे फोटो काढविले, तेले चोळली, आणि कोणाच्या तरी सांगण्यावरून सांधेदुखीच्या पुड्या वर्षभर घेतल्या. पुडीवर नाव नाही, गाव नाही. गुण मात्र पहिल्याच दिवशी! शेवटी मिरजेच्या एका डॉक्टरांनी मला उताणे निजवून पाय आतल्या बाजूस वळविला, आणि मी ओरडलो. गुडघा निर्दोष होता; खुब्याचा माथा रक्तपुरवठा तुटून खचला होता. त्यांनी पहिला प्रश्न केला, ‘गुरुजी, पुड्या घेत होता काय?’ अशा बेनामी पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते प्राण वाचविते. पण फार घेतल्यास हाडाचा माथा मारते. अति मद्यपानानेही हेच होते. आरंभी साध्या एक्स-रेत काही दिसत नाही, एमआरआय तपासणीत दिसते. आणि माथा खचण्यापूर्वी आला तर तो वाचविण्याचे उपाय असतात. मी उशिरा गेलो.

इतर कारणे थोडक्यात सांगतो. वयोमानाने सांध्याची गादी झिजते. स्त्रियांची हाडे ऋतुनिवृत्तीनंतर पोकळ होऊ लागतात. लहान मूल लंगडू लागले व त्यास सायंकाळी ज्वर येत असला, तर खुब्याचा क्षयही असू शकतो; त्याची औषधे सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात. मूल ‘खेळताना पडले असेल’ म्हणून स्वस्थ बसू नये.

झिजेच्या दुखण्यात प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागते असे नाही. वजन उतरविणे, शिकविल्याप्रमाणे व्यायाम आणि काठी यांनी पुष्कळांचे निभते. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. जठर व मूत्रपिंड बिघडते. काठी धरावी ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. आपली मंडळी हटकून उलट धरतात. आज सभामंडपात शिरताना मी अशी चार माणसे मोजली!

रात्रीची झोप उडाली, चालणे खुंटले, म्हणजे सांधा बदलणे हा मार्ग. धातूचा गोळा व प्लॅस्टिकची वाटी यांचा टिकाऊ सांधा इंग्लंडात सर जॉन चार्नली यांनी १९६२ साली सिद्ध केला. योगायोग असा की, मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्याच वर्षी निघाले. त्या गावी डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडल्यापासून दूरदूरचे रोगी मिरज जंक्शनवर उतरत आले आहेत. आमच्या गावापासून मिरज काही फार लांब नव्हे. आईला तेवढेही आम्ही नेले नाही.

माझा सांधा २०२१ साली बदलला. दुसऱ्या दिवशी मला उभे केले, तेव्हा वेदनेपेक्षा आईची आठवणच अधिक झाली. आता मी रोज ओढ्यापर्यंत फिरून येतो. उकिडवे बसणे व मांडी घालणे मात्र डॉक्टरांनी मला वर्ज्य केले आहे. तेव्हा थोड्या वेळाने पंगत बसेल, तीत हा मास्तर पाटावर न बसता कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसलेला दिसेल. वाढपी मंडळींनी तिकडेही यावे.