डोंगराचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव

आज आपण एका लांबच्या डोंगराच्या नावाबद्दल बोलू. डोंगराचं नाव कार्मेल. पुण्यात या नावाची शाळा आहे, त्यामुळे नाव पुष्कळींच्या कानावरून गेलं असेल. त्याचा अर्थ आमच्यापर्यंत पोचला तो मंडईत.

आमच्या गटाच्या बाया मंडईत माल घेऊन बसतात. एक गिऱ्हाईक ताई नारळ आणि केळी घेताना म्हणाल्या, "चांगली बघून द्या, मलिद्याला हवीत." त्या बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून पूर्वी त्यांना शनिवार तेली म्हणत. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर आणि फळं असा मलिदा ते एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने करतात. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एका खडकावर त्याच्या रथाच्या चाकाची खूण आहे, अशी त्यांची श्रद्धा.

या एलियाहूची मोठी गोष्ट कार्मेल डोंगरावर घडते. देशात दुष्काळ पडलेला. एलियाहू डोंगरमाथ्यावर बसून प्रार्थना करतो आणि गड्याला समुद्राकडे बघायला पाठवतो. गडी सहा वेळा रिकामा परत येतो. सातव्यांदा सांगतो, तळहाताएवढा ढग दिसतोय. मग धो धो पाऊस. मृगाच्या वेळी आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट वेगळी समजवायला नको.

आता नावाचा अर्थ. हिब्रूत केरेम म्हणजे द्राक्षमळा आणि एल म्हणजे देव. म्हणून कार्मेल म्हणजे देवाचा मळा, अशी फोड लोक सांगतात. भाषेचे काही अभ्यासक म्हणतात, शेवटचा ल हा नुसता प्रत्यय आहे, अर्थ फळझाडांची सुपीक जमीन एवढाच. आणि गंमत पुढेच आहे. त्यांच्या धर्मग्रंथात कार्मेल हा शब्द धान्याच्या कोवळ्या, ताज्या कणसांसाठीही येतो. म्हणजे आपल्या हुरड्याच्या घरातलाच शब्द!

हा डोंगर इस्रायलमध्ये हैफा शहराला लागून, समुद्रकाठी आहे. उंची सुमारे ५४६ मीटर. आपला सिंहगड १,३०० मीटरच्या वर आहे. म्हणजे नाव उंचीवरून नाही पडलं, तिथे जे पिकतं आणि हिरवं राहतं त्यावरून पडलं.

नावं दोन तऱ्हेने पडतात. एक जमिनीवरून, जशी आपली वडगाव, पिंपळगाव, बोरगाव. दुसरी माणसांवरून. मंडईचंच बघा. १८८६ साली ती उघडली तेव्हा गव्हर्नरच्या नावाने रे मार्केट म्हणत. जोतीराव फुले नगरपालिकेत होते तेव्हा त्यांनी या इमारतीच्या खर्चाला विरोध केला होता, पैसा शिक्षणाला द्या म्हणाले होते. पुढे मंडईला त्यांचंच नाव मिळालं. नाव बदलता येतं, पण कुणीतरी ते मागावं लागतं.

आणि आपलं कळसूबाई? १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. लोककथा सांगते की ते कळसू नावाच्या कष्टकरी पोरीचं नाव. राज्याचं सर्वांत उंच टोक बाईच्या नावावर आहे, मग गुंठाभर जमीन का नसावी? पेरणी, खुरपणी, काढणी आपण करतो. कार्मेलसारखं पिकावरून नाव द्यायचं झालं, तर अर्ध्या सातबाऱ्यांवर बायांची नावं लागतील.

यासाठी वाटही आहे. १९९२ पासून लक्ष्मीमुक्ती योजना आहे. नवरा हयात असताना त्याने अर्ज केला, तर बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागू शकतं. म्हणजे घरातलं मन वळवणं हेच मोठं काम. ते एकटीने अवघड जातं, गटाने सोपं होतं. बचतीचा हिशेब जसा बैठकीत होतो, तसा याचाही व्हावा.

पुढच्या बैठकीला दोन गोष्टी करा. घरचा सातबारा घेऊन या आणि त्यावरची नावं एकमेकींना वाचून दाखवा. आणि गावातल्या म्हाताऱ्या आजीला विचारा, आपल्या टेकडीचं, आपल्या शेताचं जुनं नाव काय आणि ते कशावरून पडलं. वहीत लिहून ठेवा. आजीबरोबर ते नाव जायला नको.