पहिल्या आठवड्याचा निकाल

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरनच्या कुरणात दहशतवाद्यांनी २६ जणांची हत्या केली. मृतांत महाराष्ट्राचे सहा पर्यटक होते. तिघे डोंबिवलीचे, दोघे पुण्याचे, एक पनवेलचे. पुरुषांना धर्म विचारून गोळ्या घातल्याचे वाचलेल्या नातेवाइकांनी सांगितले. हल्लेखोरांना अडवायला पुढे झालेला सय्यद आदिल हुसेन शाह हा तिथलाच घोडेवालाही मारला गेला. धर्म विचारून मारणाऱ्याला जीव घेण्यापलीकडचे काही साधायचे असते. मागे उरलेल्या कोट्यवधी माणसांनीही यापुढे एकमेकांचा धर्म विचारूनच व्यवहार करावा, हा त्याचा मोठा डाव असतो. म्हणून हल्ल्यानंतर समाज कसा वागतो हा प्रश्न हल्ल्याच्या तपासाइतकाच गंभीर आहे, आणि तो पोलिसांवर किंवा लष्करावर सोपवून मोकळे होता येत नाही.

पहलगामनंतर देशभर संताप उसळला. तो रास्तच होता. काश्मीर खोऱ्यात दुसऱ्या दिवशी कडकडीत बंद पाळला गेला. २५ एप्रिलच्या शुक्रवारी अनेक शहरांतल्या मुस्लिमांनी दंडाला काळ्या फिती बांधून नमाज पढली. त्याच दिवसांत वेगवेगळ्या राज्यांतून काश्मिरी विद्यार्थ्यांना धमकावल्याच्या आणि मारहाणीच्या तक्रारी येऊ लागल्या. लग्नानंतर आठवड्याभरात पती गमावलेल्या एका तरुणीने मुस्लिमांच्या आणि काश्मिरींच्या मागे लागू नका, आम्हाला शांतता हवी आणि न्याय हवा, असे सांगितले. तिच्यावरच समाजमाध्यमांवर इतकी गलिच्छ टीका झाली की राष्ट्रीय महिला आयोगाला त्या टीकेचा निषेध करावा लागला. ज्याच्या नावाने राग व्यक्त होतो, त्याच्याच माणसाचे म्हणणे त्या रागाला ऐकायचे नव्हते.

मे महिन्याच्या सुरुवातीला ही लाट लातूरपर्यंत पोचली. पहलगामपासून दीड हजार किलोमीटरहून दूर असलेल्या या शहरात एका मुस्लिम तरुणाला भररस्त्यात अडवून, ‘पाकिस्तानी’ म्हणत मारहाण झाली, त्याचे चित्रण करण्यात आले आणि ते सगळीकडे पसरवण्याची धमकी देण्यात आली, अशी तक्रार त्याच्या कुटुंबाने दिली. दुसऱ्या दिवशी त्या तरुणाने आत्महत्या केली. पोलिसांनी आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा नोंदवला. त्या गुन्ह्याचा निवाडा न्यायालय करील. पण लातूरच्या रस्त्यावर, लातूरच्याच रहिवाशाला, त्याचा ज्या घटनेशी तिळमात्र संबंध नाही तिचा जाब विचारला जातो, ही गोष्ट न्यायालयाच्या निकालाची वाट न पाहता विचारात घ्यावी लागते.

एकाच्या कृत्याचा दोष त्याच्या सगळ्या समाजाला लावण्याची ही सवय सामाजिक मानसशास्त्राने पन्नास वर्षांहून अधिक काळ अभ्यासली आहे. हेन्री ताइफेल यांनी १९७० च्या सुमारास ब्रिस्टलमधल्या शाळकरी मुलांचे दोन गट पाडले. आधार अगदी क्षुल्लक होता : कोणाला कोणत्या चित्रकाराची चित्रे आवडतात. तेवढ्यावरही मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. थॉमस पेटिग्र्यू यांनी १९७९ मध्ये पुढचे पाऊल मांडले. आपल्यातल्या कोणी वाईट केले तर माणूस परिस्थितीला किंवा त्या एका व्यक्तीला दोष देतो. परक्या गटातल्या कोणी केले तर ‘ती जातच तशी’ म्हणतो. चांगल्या कृत्याचे उलट होते. परक्यातला कोणी भला वागला तर तो अपवाद ठरतो. म्हणूनच आदिल शाह अपवाद ठरतो आणि त्याला मारणारे सगळ्या समाजाचे प्रतिनिधी ठरतात.

दोष लावण्याच्या या घाईने जगभर चुका केल्या आहेत. १९ एप्रिल १९९५ रोजी ओक्लाहोमा सिटीत स्फोट होऊन १६८ माणसे मेली, तेव्हा पहिल्या तासांत अरबांवर संशय गेला. स्फोट घडवणारा अमेरिकेचाच माजी सैनिक निघाला. २२ जुलै २०११ रोजी नॉर्वेत ७७ जण मारले गेले, तेव्हाही सुरुवातीला तेच झाले. मारेकरी मुस्लिमद्वेष्टा नॉर्वेजियन होता. गुरुद्वारा हजूर साहिबच्या नांदेडने तिसरे उदाहरण विशेष लक्षात ठेवावे असे आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात बलबीरसिंग सोढी या शीख पेट्रोलपंपचालकाला एका माणसाने गोळ्या घालून मारले. पगडी आणि दाढी पाहून त्याने सोढींना मुस्लिम समजले होते. पण सोढी मुस्लिम असते तरी तो खून तितकाच निरर्थक ठरला असता. ओळख पटवण्यातली चूक दुय्यम आहे. मूळ चूक त्याआधीच झालेली असते.

मराठवाड्याच्या वाट्याला हा विषय बातम्यांतून आला तसा खटल्यांतूनही आला. मे २००६ मध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरण उघडकीस आणले. आरडीएक्स आणि एके-४७ रायफली सापडल्या. जुलै २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी आणि ८ जणांना निर्दोष ठरवले. फेब्रुवारी २०१० मध्ये पुण्याच्या जर्मन बेकरीत स्फोट होऊन १७ जण मेले. उदगीरमध्ये इंटरनेट कॅफे चालवणाऱ्या एका तरुणाला त्या प्रकरणात अटक झाली आणि उदगीरचे नाव देशभर गेले. २०१३ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने त्याला फाशी सुनावली. मार्च २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्फोटाच्या आणि कटाच्या आरोपांतून त्याची मुक्तता केली, मात्र स्फोटके बाळगल्याबद्दलची जन्मठेप कायम ठेवली. २०१२ मध्ये दहशतवादाच्या आरोपावरून नांदेडशी संबंधित पाच जणांना अटक झाली. जून २०२१ मध्ये तिघे दोषी ठरले आणि दोघे पुराव्याअभावी सुटले. त्या दोघांची जवळपास नऊ वर्षे खटल्यात गेली, त्यातला बहुतेक काळ तुरुंगात.

याच नांदेडात ६ एप्रिल २००६ रोजी पाटबंधारे नगरातल्या एका घरात स्फोट होऊन दोन तरुण मेले. हिंदुत्ववादी संघटनांशी संबंधित तरुण तिथे बॉम्ब बनवत होते, असा तपास यंत्रणांचा आरोप होता. ४ जानेवारी २०२५ रोजी नांदेडच्या सत्र न्यायालयाने हयात असलेल्या सर्व आरोपींना निर्दोष सोडले. जवळपास १९ वर्षे हा खटला चालला. त्या काळात नांदेडच्या सर्वसामान्य हिंदू माणसाला कोणी रस्त्यात अडवून त्या घराचा जाब विचारला नाही, आणि विचारला असता तर तो अन्यायच ठरला असता. हेच माप मुस्लिमांना का लागू पडत नाही, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आजवर कोणी दिलेले नाही.

मराठवाड्याबाहेरच्या दोन खटल्यांचीही इथे नोंद हवी. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या दिवशी, मालेगावात कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. मेलेले बहुतांश मुस्लिम होते, आणि अटकही नऊ मुस्लिमांनाच झाली. पाच वर्षे तुरुंगात काढल्यावर २०११ मध्ये त्यांना जामीन मिळाला. २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. ११ जुलै २००६ च्या मुंबईतल्या लोकल गाड्यांमधील स्फोटांत १८० हून अधिक प्रवासी मेले. त्या खटल्यात शिक्षा झालेल्या सर्व १२ जणांना २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने निर्दोष ठरवले. पुढे त्या निकालाला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात धाडले नाही.

या सगळ्या प्रकरणांना एकच माप लावून कोणी निर्दोष होते, कोणी दोषी होते, यापेक्षा मोठा निष्कर्ष काढता येत नाही. गुन्हा व्यक्तीचा असतो. मात्र दोन निकालांतले अंतर पाहण्यासारखे आहे. गल्लीतला, चहाच्या टपरीवरचा, मोबाइलवरचा निकाल पहिल्या आठवड्यात लागतो. न्यायालयाचा लागायला नऊ, दहा, १९ वर्षे जातात. मधल्या काळात घरमालक खोली रिकामी करायला सांगतो, भावाची नोकरी जाते, बहिणीचे जमलेले लग्न मोडते, आणि ज्याला कधी अटकच झाली नाही तो शेजारी, केवळ आडनाव आणि मोहल्ला तोच म्हणून, शहरात खोली शोधत फिरतो. न्यायालयाने दिलेल्या निर्दोष मुक्ततेने यातले काहीही परत मिळत नाही. समाजाने दिलेली ही शिक्षा कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही आणि तिच्यावर अपीलही करता येत नाही.

सामूहिक शिक्षा म्हणजे काय हे मराठवाड्याने भोगलेले आहे. निजामाच्या राज्याच्या अखेरच्या वर्षांत रझाकारांनी गावेच्या गावे दहशतीखाली ठेवली, लुटली, माणसे मारली. त्यांचा नेता कासिम रझवी लातुरात वकिली करणारा होता. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली हजारोंनी तुरुंगवास पत्करला. त्यांच्या नावाचे नांदेडचे विद्यापीठही मुक्तिदिनीच, १७ सप्टेंबर १९९४ रोजी, स्थापन झाले. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने रझाकारांचे राज्य संपले. मुक्तिसंग्रामाची ही बाजू इथल्या शाळांत शिकवली जाते, आणि शिकवलीच पाहिजे.

पुढचे पान मात्र कमी वाचले जाते. पोलीस कारवाईनंतर रझाकारांचा सूड सर्वसामान्य मुस्लिमांवर उगवला गेला. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने हैदराबाद संस्थानात २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. लातूर शहरात सुमारे दहा हजार मुस्लिमांपैकी जेमतेम तीन हजार उरले, हजाराहून अधिक मारले गेले आणि बाकीचे पळून गेले, असे समितीने नोंदवले. त्यांतल्या किती जणांचा रझाकारांशी संबंध होता, हे मारणाऱ्यांनी विचारले नव्हते. तो अहवाल अनेक दशके लोकांपुढे आला नाही. त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे : काही हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुस्लिम शेजाऱ्यांना वाचवले, आणि हे विशेषतः एकाच धंद्यातल्या लोकांत दिसले. हिंदू विणकर मुस्लिम विणकरांच्या पाठीशी उभे राहिले.

त्याच काळात हैदराबादेत शोएबुल्ला खान हा तरुण संपादक ‘इमरोज’ या उर्दू दैनिकातून रझाकारांविरुद्ध आणि भारतात विलीन होण्याच्या बाजूने लिहीत होता. ऑगस्ट १९४८ मध्ये, पोलीस कारवाईच्या तीन आठवडे आधी, त्याचा खून झाला. रझाकारांविरुद्धच्या लढ्यातला तो हुतात्माच आहे. मराठवाड्यातल्या किती पदवीधरांना त्याचे नाव ठाऊक आहे, हे प्रत्येकाने स्वतःशी तपासावे.

मुस्लिम दहशतवादाविरुद्ध बोलत का नाहीत, हा प्रश्न प्रत्येक हल्ल्यानंतर विचारला जातो. फेब्रुवारी २००८ मध्ये देवबंदच्या दारुल उलूमने देशभरच्या उलेमांची परिषद भरवून दहशतवाद इस्लामविरोधी असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरच्या मुंबई हल्ल्यानंतर मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानच्या विश्वस्तांनी मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना दफनासाठी जागा नाकारली. एक वर्षाहून अधिक काळ ते मृतदेह शवागारात पडून होते. मृताला माती देणे ज्या समाजात धर्मकर्तव्य मानतात, त्या समाजाने घेतलेला हा निर्णय होता. एवढे होऊनही प्रश्न तसाच विचारला जातो, याचा अर्थ विचारणाऱ्याला उत्तर नको असते. शिवाय निष्ठेचा दाखला दर वेळी मागणे हाच अन्याय आहे. नागरिकत्व राज्यघटनेने दिले आहे, त्याचे नूतनीकरण हल्ल्यागणिक करावे लागत नाही.

आज विद्यापीठातून पदवी घेणाऱ्यांत काही वकील होतील. दहशतवादाच्या आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये, असे ठराव देशात अनेक वकील संघांनी केले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये असे ठराव बेकायदा ठरवले. पत्रकार होणाऱ्यांच्या हाती ‘संशयित’ आणि ‘दहशतवादी’ या दोन शब्दांतले अंतर असेल. अटकेची बातमी पहिल्या पानावर आणि सुटकेची आतल्या पानावर दोन ओळींत, ही प्रथा त्यांनी मोडायला हवी. प्रशासनात जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की भारतीय न्याय संहितेचे कलम १९६ समाजासमाजांत वैर पसरवण्याला गुन्हा ठरवते, आणि जमावाच्या हिंसेला आळा घालण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये सांगितले आहे. शिक्षकांचे काम सर्वांत अवघड. हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गात एखाद्या मुलाकडे बाकीची मुले कशी पाहतात, हे फक्त त्यांनाच दिसते.

समाजांतला विश्वास टिकवण्याची एक व्यवस्था भिवंडीने करून दाखवली आहे. १९७० आणि १९८४ मध्ये तिथे भीषण दंगली झाल्या. त्यानंतर सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने मोहल्ला-मोहल्ल्यात दोन्ही समाजांच्या साध्या रहिवाशांच्या समित्या उभ्या केल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. मराठवाड्यातल्या पोलीस ठाण्यांतही शांतता समित्या आहेत. त्या बहुधा गणपती, मोहरम, ईद यांच्या तोंडावर भरतात, आणि त्यांत वर्षानुवर्षे तेच पुढारी बसतात. भिवंडीच्या समित्यांत कारागीर, दुकानदार, यंत्रमाग कामगार होते. सण नसतानाही ते भेटत, आणि गल्लीतले किरकोळ तंटे पोलीस ठाण्यात जाण्याआधी तिथेच मिटवत.